कॅराव्हॅन घेऊन कोकण किनाऱ्याने जायचंय. नकाशासाठी कोणतं ॲप घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून ताम्हिणीने उतरून हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत मालवणपर्यंत भाड्याची कॅराव्हॅन न्यायची आहे. आईवडील सोबत आहेत. अमेरिकेतल्या मावसभावाने तिकडचं आरव्हीचं, म्हणजे राहत्या गाड्यांचं, ॲप सुचवलंय, तर त्याची वर्गणी भरावी की गूगल मॅप्स पुरेल?

वर्गणी भरू नका. आणि एकट्या गूगलवरही विसंबू नका.

मी गुहागर तालुक्यातली. आमच्या घरी ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतलेली गाडी आहे. दादा चालवतो, मी शेजारी बसून रस्ता सांगते. त्यामुळे या किनाऱ्यावर नकाशा कुठवर साथ देतो आणि कुठे हात सोडतो ते रोजच्या कामातून कळलेलं आहे.

आधी मावसभावाच्या ॲपबद्दल. आरव्ही लाइफसारखी ॲप चांगलीच आहेत, पण ती अमेरिका आणि कॅनडातल्या रस्त्यांसाठी बनलेली आहेत. न्यूयॉर्कच्या जुन्या पार्कवेंवर ठेंगणे कमानी पूल आहेत, उंच गाडी तिथे अडकते. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यात मोठ्या गॅस सिलिंडरसह जायला मनाई आहे. अशा पुलांची, बोगद्यांची आणि मुक्कामाच्या जागांची नोंद तिकडे वर्षानुवर्षं कोणीतरी ठेवली आहे, आणि वर्गणी त्या नोंदीची असते. आपल्याकडच्या रस्त्यांची तशी नोंद झालेलीच नाही, मग पैसे कशाचे द्यायचे?

शिवाय कोकणात अडचण वेगळी आहे. मुंबई-गोवा महामार्गावर तुमची गाडी कुठेच अडणार नाही. ती अडते महामार्ग किंवा सागरी रस्ता सोडल्यावर, शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे बांध, वरून आंब्याची फांदी किंवा घराघरात गेलेली विजेची वायर, पुढे उतार आणि उतारावरच काटकोनात वळण. समोरून रिक्षा आली तर मागे घ्यायला जागा नाही. ॲप निवडताना बघायचं ते हे, की त्या शेवटच्या टप्प्याबद्दल ते मला काय दाखवतं.

गूगल मॅप्स तिथे कमी पडतं, कारण ते तुम्हाला गाडीची उंची-रुंदी विचारतच नाही. त्याच्या लेखी तुमची कॅराव्हॅन आणि शेजाऱ्यांची अल्टो एकच. 2024 साली त्यांनी भारतात अरुंद रस्ते टाळण्याची सोय आणली, पण सुरुवातीच्या आठ शहरांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं, आणि वाडीतल्या वाटा तर शहरांच्या यादीत येणारच नाहीत. दोन मिनिटं वाचत असतील तर ते बिनदिक्कत तुम्हाला वाडीतून काढतं. निघताना एवढं बघा की दुचाकीचा पर्याय चुकून चालू राहिलेला नाही. तो असला तर साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पुलावरूनही रस्ता दाखवू शकतं. तरीही ते हवंच. माणगावची वाहतूक कोंडी, बंद असलेला रस्ता, पेट्रोल पंप, डॉक्टर, मेडिकल यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

त्याच्या जोडीला ऑस्मअँड घ्या. ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतं, संपूर्ण महाराष्ट्र आधी उतरवून घेता येतो आणि नेटवर्क नसताना मार्गही काढता येतो. त्यात ट्रकचा पर्याय निवडून गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरता येतं. पण यातली मेख समजून घ्या: रस्त्यावर कोणी मर्यादा नोंदवली असेल तरच ॲप ती पाळणार, आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर अशी नोंद क्वचितच सापडते. म्हणून मापं भरली म्हणजे निर्धास्त झालो असं नाही. मला ते आवडतं ते दुसऱ्याच कारणाने. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, लावता येतात, त्यामुळे पुढचा उतार किती तीव्र आहे ते बसल्या जागी दिसतं. रस्त्याचा दर्जा रेषेच्या जाडीवरून कळतो, फेरीबोटीचा मार्गही पाण्यात आखलेला दिसतो. वडिलांच्या फोनवर काही सोपं हवं असेल तर ऑरगॅनिक मॅप्स टाका. नकाशा तोच, बटणं कमी. मॅपल्स हे आपल्या मॅपमायइंडियाचं ॲप टोलचा अंदाज आणि मोठ्या चौकांची चित्रं दाखवतं. ताम्हिणीऐवजी द्रुतगती मार्गाने उतरणार असाल तर उपयोगी पडेल, किनाऱ्यावर त्याची गरज पडणार नाही.

पद्धत अशी ठेवा: चालकासमोरच्या फोनवर गूगल, शेजारच्याच्या हातात ऑस्मअँड. आवाज एकाचाच चालू. आणि शेवटचा निर्णय शेजारच्याचा, कारण चालकाने स्क्रीनकडे बघत वळण ठरवायचं नसतं. नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं असं नाही, ते उपग्रहाकडून येतं. नकाशा उतरवलेला असला की निळा ठिपका चालतच राहतो. फोन मात्र काचेला उन्हात चिकटवू नका. मे महिन्यात तो तापून बंद पडतो. एसीच्या झोताजवळ लावा.

आता कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची कसोटी सांगते: त्या रस्त्याने एसटी जाते का? लाल गाडी तुमच्या कॅराव्हॅनपेक्षा लांब आहे आणि रुंदही. ती जिथून रोज जाते तिथून तुम्ही जाल. त्याहून पक्की खूण म्हणजे वस्तीची गाडी. ज्या गावात रात्री एसटी मुक्कामाला येते, तिथे शेवटच्या थांब्यापाशी ती वळवायला जागा असणारच, म्हणजे तुम्हालाही वळता येईल. तिथे गाडी लावा आणि पुढची वाट आधी चालत जाऊन बघा. दोन्ही ॲपमध्ये बसथांबे पुष्कळ ठिकाणी दिसतात. नसतील तिथे तिठ्यावरच्या टपरीवर विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "गाडी जाईल का?" म्हटलं की माणूस "जाते की" म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मारुती असते. "एसटी जाते का?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

दुसरी कसोटी घरी बसून करायची. मुक्कामाच्या प्रत्येक जागेचा शेवटचा तुकडा उपग्रह चित्रात मोठा करून बघा. रस्ता सलग दिसत असेल तर बहुधा बरा आहे. जिथे तो झाडीखाली नाहीसा होतो तिथे सावध व्हा. दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींना भिडल्यात याचा अर्थ मधली वाट अरुंद आहे आणि तुमच्या टपावरचा एसी त्याच फांद्यांच्या उंचीला येणार. भाड्याने देणारे सांगतात ते माप बहुतेक वेळा नुसत्या बॉडीचं असतं. टेप घेऊन स्वतः मोजा: उंची एसीसकट, रुंदी आरशापासून आरशापर्यंत, आणि मागच्या चाकापासून बंपरपर्यंत किती लांबी लटकते तेही. हे तिसरं माप कशासाठी ते खाली येईल.

नावांचा घोटाळा इथे फार होतो. मुरुड म्हणाल तर एक जंजिऱ्याजवळचं, रायगडातलं, आणि दुसरं दापोली तालुक्यात हर्णैजवळ. वेळास म्हणाल तर कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात आणि दिवेआगराजवळचं वेळास-आगर श्रीवर्धन तालुक्यात. दोन्हींच्या मध्ये सावित्रीची खाडी. पालीही रायगडात आहे आणि रत्नागिरीतही. म्हणून नाव टाकून शोधू नका. घरमालकाकडून व्हॉट्सअपवर लोकेशन मागवा आणि अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. रेवसपासून रेडीपर्यंतचा किनारा साधारण 18.8 ते 15.7 अक्षांश आणि 72.8 ते 73.7 रेखांशात बसतो. आकडा याबाहेरचा असेल तर ठिपका चुकलाय. जंजिऱ्याजवळचं मुरुड 18.3 वर येतं, दापोलीचं 17.8 च्या आसपास. एवढा फरक पुरतो.

तुमच्या मार्गावर गाडी चढवून नेणाऱ्या तीन फेरीबोटी आहेत, आम्ही त्यांना तरी म्हणतो: सावित्रीवर बागमांडला ते वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. यांनी प्रवासाची रंगत वाढते आणि मोठे वळसे वाचतात. दाभोळची फेरीबोट घेतली नाही तर दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणवरून फिरून यावं लागतं. ॲप तुम्हाला चिपळूणवरूनच पाठवत असेल तर सेटिंगमध्ये फेरी टाळण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. उलट तरीने दाखवत असेल तर ते पाण्यावरची वेळ धरतं, रांगेतली नाही. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी रांग मोठी असते. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि गाडीची लांबीही सांगा.

पण कुठलंच ॲप सांगत नाही ती गोष्ट भरती-ओहोटीची. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार तीव्र होतो आणि लांब शेपटीच्या गाडीचं मागचं बंपर जमिनीला घासतं. कॅराव्हॅनमध्ये पाण्याची टाकी आणि नळ्या बऱ्याचदा मागे खालच्याच बाजूला असतात. म्हणून ते तिसरं माप.

आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आत-बाहेर. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेला येत जाल तशी वेळ थोडी आधी येते. आता हे तरीला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही जातं. त्या दिवसांत तळाची ओहोटी येते ती सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे, म्हणजे लोक पहिली किंवा शेवटची फेरी पकडायला धावतात नेमकी तेव्हाच. त्या दिवशी दुपारी जा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी, तेव्हा कधीही गेलात तरी फार त्रास होत नाही. नेमके आकडे हवे असतील तर भरतीची वेळ दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, फक्त बंदर जवळचं निवडा. गाडी चढवण्याआधी आईवडिलांना खाली उतरवा आणि गॅसचा कॉक बंद करा.

उपग्रह चित्रात आणखी एक फसवणूक होते. वाळूची पुळण चांगली रुंद दिसते आणि वाटतं की रात्री इथेच गाडी लावू. ते चित्र ओहोटीच्या वेळी घेतलेलं असू शकतं. पुळणीवर गाडी अजिबात नेऊ नका. वाळूत चाक रुतल्यावर भरती तुमच्यासाठी थांबत नाही, आणि एवढी जड गाडी ओढायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाणी इंजिनापर्यंत येतं. रात्रीच्या जागांसाठी पार्क फॉर नाइट आणि आयओव्हरलँडर ही प्रवाशांनीच भरलेली ॲप आहेत, पण आपल्या किनाऱ्यावरच्या नोंदी विरळ, त्यावर बेत आखू नका. राज्याने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, निवासस्थानं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे तुमच्या वाटेवरच आहेत. त्यांना फोन करून आवारात गाडी लावता येईल का, वीज-पाणी मिळेल का ते विचारा. नाहीतर एखाद्या घरगुती खानावळीच्या अंगणात जेवणासकट सोय होते, फक्त अंगणापर्यंत एसटीची कसोटी लावा. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरची, मोकळी जागा गाडी फिरवायला उत्तम, पण वळवाच्या पावसात विजा पडतात, तिथे मुक्काम नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर हा बेत पुढे ढकला. घाटात दरड येते, खराब हवेत फेरीबोटी बंद राहू शकतात, आणि बंद झालेला रस्ता नकाशावर उशिरा दिसतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा आणि रस्ते दोन्ही चांगले. तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा आणि तिन्ही तरींचे दिवस अष्टमीच्या आसपास बसतात का ते आधी बघा.