विचारा म्हणजे सांगतो

प्रश्न : एप्रिल 2024 मध्ये आमचे चिरंजीव वानखेडेवर जाऊन हार्दिक पंड्याची हुर्यो उडवून घसा बसवून आले. 4 जुलैला विश्वविजेत्यांच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर गेले, तिथे ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडून पुन्हा घसा बसवला, वर एक चप्पल हरवली. विचारलं तर म्हणतो, ‘‘बाबा, ते वेगळं होतं.’’ या पोरांना काही लाज?
– एक वडील, विलेपार्ले

उत्तर : आधी उरलेली चप्पल टाकून द्या. मिरवणुकीनंतर तिथे चपलांचा खच पडला होता, जोडी काही सापडायची नाही.

तुमच्या मुलाचं फार काही चुकलं नाही हो. एप्रिलमध्ये हार्दिक आयपीएलला रोहितच्या जागी मुंबई इंडियन्सचा कप्तान म्हणून आलेला. नाणेफेकीला समालोचक संजय मांजरेकरला ‘नीट वागा’ म्हणून गर्दीला दटावावं लागलं होतं. मग 29 जूनची टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, शेवटचं षटक, 16 धावा राखायच्या. हार्दिकच्या पहिल्याच चेंडूवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतला आणि सात धावांनी आपण जिंकलो. सहा चेंडूंत पोरगा घरचा झाला.

आता माझं ऐका. मार्च 2006, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी, नॉर्थ स्टँड. सचिन 21 चेंडू खेळला आणि एक धाव काढून परत निघाला. आमच्या बाजूने हुर्यो सुरू झाली. माझ्या तोंडात शेंगदाणे होते. ते नीट चावून गिळले आणि मग ओरडलो. म्हणजे रागाच्या भरात झालं असं म्हणायलाही तोंड नाही. हिशेब साधा होता : तिकीट ओळखी काढून मिळवलं, घरी काहीबाही सांगून आलो, उन्हात तापलो, आणि हा एका धावेत निघाला! जसं काही त्याने माझे पैसे बुडवले.

नोव्हेंबर 2013 ला त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत तो 74 वर बाद झाला. मी घरी बनियनवर टीव्हीसमोर बसून रडलो. बायकोने काही न बोलता टॉवेल आणून दिला.

आमच्या सोसायटीतले आम्ही तिघे 2006 ला तिथे होतो. बाकीचे दोघे आज छातीवर हात ठेवून सांगतात, ‘‘आम्ही तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.’’ त्यातला एक माझ्या शेजारीच बसला होता. त्याची शिट्टी अजून माझ्या डाव्या कानात आहे. तुमचा मुलगा निदान ‘ते वेगळं होतं’ म्हणतो. म्हणजे ‘ते’ होतं, एवढं तरी कबूल करतो.

प्रश्न : लालबागच्या राजाच्या रांगेत आम्ही रात्रभर उभ्या. एक नट बाजूच्या दाराने थेट पायांशी गेला. आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि तो बाहेर येताच सगळ्यांचे फोन वर! माझासुद्धा. असं का होतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शिव्या तोंडाने द्यायच्या, फोटो हाताने काढायचा. दोन्ही मोकळे होते, ताई. माझ्या मेहुणीने असाच एक फोटो काढलाय. त्यात एका स्वयंसेवकाचा गमछा आणि नटाचं कोपर आहे. हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. चहा येईपर्यंत प्रत्येक पाहुण्याला ते कोपर कुणाचं ते कळतं.

प्रश्न : आमच्या नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फलकावर एक गृहस्थ वर्षानुवर्षं ‘भावी नगरसेवक’ होते. किती वर्षं माणसाने भावी राहावं?
– एक रहिवासी, भांडुप

उत्तर : सगळा दोष त्यांचा नाही. पालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे निवडणूकच रखडली. माणूस भावी राहील नाहीतर काय! आमच्या गल्लीतला फ्लेक्सवाला अशांना चांगला ओळखून आहे. म्हणतो, फाइल तीच, हात जोडलेला फोटो तोच, मिशी काळी तीच. पक्ष बदलला की फक्त वरच्या पट्टीतले साहेबांचे गोल बदलायचे. ‘भावी’ काढा, असं मात्र त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.