नकली लिपिडने एन्झाइम कसं अडतं?

प्रश्न: सर, बॅक्टेरियाला नकली लिपिड देऊन त्याचं एन्झाइम बंद पाडतात म्हणे, ते नेमकं कसं? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: छान विचारलंस गं. ई. कोलाय या बॅक्टेरियाचंच घे, त्याच्या बाहेरच्या आवरणात लिपिड ए नावाचा चरबीसारखा रेणू असतो, ते नसेल तर तो जगत नाही आणि ते बनवताना एलपीएक्ससी नावाचं एन्झाइम त्यातल्या साखरेवरचा अ‍ॅसिटाइल ग्रुप (दोन कार्बनचा छोटा तुकडा) काढतं. या एन्झाइमच्या खाचेत झिंकचा अणू असतो आणि शेजारी अरुंद बोगदा, त्यात खऱ्या लिपिडची १४ कार्बनची शेपटी सरकते. मग केमिस्ट लोक शेपटीसारखंच काहीतरी ठेवतात पण अ‍ॅसिटाइलच्या जागी हायड्रॉक्सामेट नावाचा रासायनिक गट बसवतात, हेच ते नकली लिपिड, ते झिंकला असं घट्ट धरतं की एन्झाइमचं कामच थांबतं. आपल्या पेशींत हे एन्झाइम नाहीच, मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण हायड्रॉक्सामेट आपल्या शरीरातल्या झिंकवाल्या एन्झाइम्सनाही धरू शकतं, तिथेच घोडं अडतं. एसीएचएन-९७५ हे असंच एक औषध माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोचलं आणि थांबलं, फार वाईट वाटलं मला.

सीएचआयआर-०९० या अशाच दुसऱ्या रेणूचं स्ट्रक्चर वहीत काढून बघ, शेपटीच्या जागी दोन बेंझिन रिंगा आणि मध्ये ट्रिपल बाँड, ती ताठ काडी बोगद्यात कशी चपखल बसते ते लगेच दिसेल.