"जायचं तर जा, मुलं ठेवून जा" म्हणतात, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार. मी तासगाव तालुक्यात राहते, लग्नाला 11 वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे आणि मुलगा साडेतीन वर्षांचा. मिस्टरांचा टेम्पो आहे, भाडी मारतात. सीझनला मी बेदाणा निवडायला जाते पण पगार झाला की पैसे त्यांच्या हातात द्यायचे, नाही दिले तर शिव्या नाहीतर मार. मोबाईल रोज चेक करतात. मागच्या महिन्यात रात्री घराबाहेर काढलं, शेजारच्या काकूंनी घरात घेतलं. आता टेम्पोचा आवाज आला की मुलगी पळत जाऊन टीव्ही बंद करते आणि भावाच्या तोंडावर हात ठेवते. सासूबाई म्हणतात सगळ्यांच्याच घरात असतंय. माहेर कोरेगावकडचं, भाऊ ये म्हणतोय, आई म्हणते मुलं मोठी होईपर्यंत कळ काढ. दागिने सासूबाईंच्या कपाटात. केस करायची तर सारखं तासगावलाच यावं लागणार ना? मुलं काढून घेतील का?
– एक आई

उत्तर: ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. तुझ्या पत्रातलं लेकीचं वाचून पोटात तुटलं गं. आई म्हणते मुलं मोठी होईपर्यंत थांब, पण ती मोठी होतायत ते हेच बघत, आणि भावाला गप्प करायची जबाबदारी त्या एवढ्याशा पोरीनं आत्ताच अंगावर घेतलीय. तू नीघ. फक्त भांडणाच्या भरात "मी चालले" असं सांगून निघू नकोस, बाई निघतेय हे कळलं की अशी माणसं जास्त चवताळतात. ते भाड्यावर गेलेले असताना, दिवसाउजेडी, भावाला बोलावून नीघ.

आणि मुलं सोबतच ने. "आधी मी जाते, मग मुलांचं बघू" असं अजिबात करू नकोस, नंतर ताबा मिळवायला फार दमछाक होते. 1956 च्या पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच असावं असं स्पष्ट आहे, मुलीच्या बाबतीत कोर्ट तिचं हित बघेल. ते म्हणतात म्हणून मुलं त्यांची होत नाहीत, ते कोर्ट ठरवतं.

केस तासगावलाच करावी लागते हा गैरसमज आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे त्यात तू तात्पुरती जिथं राहतेस तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, म्हणजे माहेरी राहून तिकडंच. घटस्फोट मागायचीही गरज नाही. मारहाण तर आहेच, पण तुझी मजुरी काढून घेणं हीसुद्धा त्या कायद्यात हिंसाच धरलीय, आर्थिक हिंसा. त्या एकाच अर्जात संरक्षण, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, दागिने परत, सगळं मागता येतं. दागिने तुझं स्त्रीधन आहे, कपाट कुणाचं का असेना. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारनं नेमलेले अधिकारी, मदत करतात, आणि वकिलाची फी कुठून आणू हा विचार सोड, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात जाऊन विचार.

आता कागद. आधार, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, लग्नपत्रिका किंवा नोंदणीचा दाखला, दवाखान्याचे पेपर, दागिने घातलेले लग्नातले फोटो. ओरिजिनल एकदम हलवलेस तर घरात लक्षात येईल, म्हणून आधी काकूंच्या मोबाईलवरून फोटो काढून भावाला पाठव, तुझा मोबाईल ते चेक करतात. बँक खात्याला नंबर कुणाचा जोडलाय तेही बघ, त्यांचा असेल तर प्रत्येक मेसेज त्यांनाच जातो, मग तुझ्या नावानं पोस्टात वेगळं खातं काढ. मधल्या काळात परत हात उचलला तर 112 ला फोन कर, 181 पण आहे महिलांसाठी. पोलिसात गेलीस तर तक्रारीची कॉपी घेतल्याशिवाय उठू नकोस. गावातले चार लोक आणि तंटामुक्तीवाले समजूत घालायला येतीलच, येऊ देत, पण न वाचता कशावरही सही करू नकोस.

एक मात्र खरं सांगते, पोटगी लगेच हातात पडत नाही. अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, तारखांवर तारखा पडतात हे मी बघितलंय, म्हणून वकिलाला अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, मागायला सांग, आणि भावाच्या घरी बसून पोटगीची वाट बघू नकोस, मिळेल ते काम धर. ही मजुरी तुझ्याच खात्यात राहील. पहिले काही महिने जड जातील, भावजयीशी आधीच मोकळेपणानं बोलून घे, घर तिचंही आहे.

मुलीच्या शाळेचं मात्र लांबवू नकोस. जुन्या शाळेतून दाखला यायला उशीर झाला तरी त्या कारणानं नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत तसं आहे. कोरेगावला पोचलीस की त्याच आठवड्यात तिला शाळेत घाल आणि धाकट्याला अंगणवाडीत.