वाचकांचे प्रश्न : सात कॉलमचं टेबल बसत नाहीये

प्रश्न : नमस्कार ताई, इलेक्ट्रॉनिक्सचं एक पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये करायला घेतलंय. पानापानावर रंगीत चौकटी, बोल्ड शब्द, आणि एक टेबल तर 7 कॉलमचं आहे, काही केल्या बसतच नाही. छापील पुस्तकात जसं आहे तसंच ठेवायला लागतं ना?

उत्तर : मजकूर तसाच, दिसणं नाही. इथेच सगळे अडकतात, मीपण अडकले होते. बोटाखाली एका वेळी एकच सेल, म्हणजे सहा ठिपक्यांची एका अक्षराएवढी जागा, येतो, अख्खं पान एका नजरेत कुणाला दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक सजावटीला विचारायचं की बाई तू इथे काय काम करतेस? हेडिंग बोल्ड आहे? सोडून द्या, ओळीच्या मधोमध घेतलं की ते हेडिंग आहे हे कळतंच. पण व्याख्येतला नवा शब्द बोल्ड असेल तर ती खूण राहू द्या, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं तेच शोधतात. रंगाचंही तेच, नुसता शोभेचा असेल तर गाळा, 'लाल ओळी चुकीच्या आहेत' असं लिहिलं असेल तर मात्र त्या ओळी कुठल्या हे सांगावंच लागेल.

आता तुमचं टेबल. ब्रेलच्या ओळीत साधारण 40 सेल मिळतात. 7 कॉलम, प्रत्येकी 5 सेल धरले तरी 35, आणि मधे 2-2 सेल मोकळे म्हणजे अजून 12, झाले 47. बसणारच नाही, उगाच शब्द छाटत बसू नका. रो कमी असतील, म्हणजे 3-4, तर रो आणि कॉलमची अदलाबदल करा. फक्त आधी खाली मजकुरात 'तिसरा कॉलम पाहा' असं कुठे आहे का ते शोधा, नाहीतर वाचणारा भलतीकडेच जाईल, आणि अदलाबदल केलीय हे लिप्यंतरकाराच्या टिपेत (पुस्तक ब्रेलमध्ये करणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, वाचणाऱ्यासाठी घातलेली टीप) टेबलाच्या आधीच लिहा, नंतर नाही. रो जास्त असतील तर पायऱ्यांसारखं लावा, पहिल्या कॉलमची नोंद सेल 1 पासून, दुसऱ्याची खालच्या ओळीत सेल 3 पासून, मग 5, असं पुढे. जागा जाते पण वाचता येतं.

जागा जाते यावरून आठवलं, छापील पान नंबर अजिबात गाळू नका, वर्गात सर 'पान 143 काढा' म्हणतात तेव्हा सगळ्यांसोबत तिथे पोचता आलं पाहिजे. एक छापील पान ब्रेलच्या दोन-तीन पानांवर पसरतं, म्हणून अमेरिकन पद्धतीत पहिल्यावर 143, पुढच्यांवर ए143, बी143 असं घालतात.

हे सगळं पहिल्या धड्याआधी एका कागदावर लिहून ठेवा. मी एकदा पाचव्या धड्यात चौकटीची पद्धत बदलली आणि मग मागचे चारही परत केले, एवढा वैताग आला होता.

आणि पुस्तकात पायथॉनचा कोड असेल तर तिथे नियम उलटा, तिथलं इंडेंट ही सजावट नाहीच, एक पातळी चुकली की प्रोग्रॅमच बदलतो. ओळ 40 सेलमध्ये मावली नाही तर ती तोडलीय हे दाखवायला यूईबीत (युनिफाइड इंग्लिश ब्रेल, इंग्रजी ब्रेलची नियमावली) ठिपका 5 ची, म्हणजे सेलमधला फक्त पाचवा ठिपका उठवलेली, खूण आहे, ती वापरा, नाहीतर मुलांना वाटेल नवीन ओळच सुरू झाली.