जी.बी.एस. : पालिकेच्या रुग्णालयात पुरेसे उपचार होतील का?

प्रश्न : जुलाबाच्या आजारानंतर दोन आठवड्यांनी माझ्या थोरल्या दिरांच्या पायांतली ताकद गेली. उपनगरातील पालिकेच्या रुग्णालयात जी.बी.एस.चे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) निदान झाले असून अशक्तपणा आता हातांपर्यंत आला आहे. तेथे इम्युनोग्लोब्युलिनची (निरोगी रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांची) इंजेक्शने नाहीत, म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्यासाठी त्यांना पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात पाठवू, असे डॉक्टर म्हणतात. घरचे मात्र दागिने गहाण ठेवून खाजगी रुग्णालयात न्यावे म्हणतात. स्वस्तातल्या उपचाराने जिवाला धोका होणार नाही ना?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : प्लाझ्मा बदलण्याचा उपचार कमी प्रतीचा आहे, हा समज आपण मनातून काढून टाकावा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदलणे हे दोन्ही उपचार सारखेच गुणकारी ठरले आणि एकापाठोपाठ दोन्ही दिल्यानेही विशेष अधिक लाभ दिसला नाही. इम्युनोग्लोब्युलिन वजनावर द्यावे लागते. ६० किलोच्या रुग्णाला पाच दिवसांत १२० ग्रॅम, म्हणूनच खर्च लाखांच्या घरात जातो. ढाक्यातील डॉक्टरांनी तर यंत्राशिवाय, रक्त पिशवीत स्थिरावू देऊन वरचा प्लाझ्मा काढून टाकण्याची अल्पखर्चाची पद्धत २० रुग्णांवर वापरून पाहिली आणि २०१८ मध्ये ती सुरक्षित व शक्य असल्याचे मांडले. ती किती गुणकारी आहे हे त्या छोट्या अभ्यासावरून ठरत नाही. पण साधने अपुरी असतानाही या आजाराशी झुंजता येते, हे त्यातून दिसते आणि मला ते फार मोलाचे वाटते.

खरा धोका श्वासाचा आहे. साधारण चारातल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो आणि ती वेळ ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. दिरांना दीर्घ श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगावे. वीसपर्यंत पोहोचता आले नाही, किंवा सकाळी जितके मोजले त्याहून संध्याकाळी बरेच कमी झाले, तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे. उशीवरून मान उचलता न येणे, खोकल्यातला जोर जाणे, आवाज नाकातून येणे, थुंकी गिळता न येणे हीही तशीच लक्षणे आहेत. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये, कारण या आजारात तो फार उशिरा घसरतो. नाडी आणि रक्तदाबही अचानक वरखाली होतात, त्यामुळे रात्रीच्या पाळीतही त्यांची नोंद झाली पाहिजे. गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज घरून आणलेली पेजसुद्धा प्रेमापोटी भरवू नये.

म्हणून रुग्णालय सरकारी की खाजगी, यापेक्षा तेथे आज व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागातली खाट मिळेल का, हे आधी विचारावे. ती सोय नसलेल्या नर्सिंग होममध्ये दागिने गहाण ठेवून जाणे मला घातक वाटते. के.ई.एम., नायर आणि शीव येथील पालिकेच्या रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. हलवण्यापूर्वी तेथील खाट निश्चित करून घ्यावी आणि श्वास देऊ शकणारा डॉक्टर रुग्णवाहिकेत सोबत असावा. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होणे उत्तम, त्यामुळे हा निर्णय आजच घ्यावा. खर्चासाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटावे.

कोणी स्टिरॉइड सुचवल्यास कारण विचारावे, जी.बी.एस.मध्ये त्यांचा उपयोग होत नाही.

उपचार झाल्यावरही आठवडाभर काहीच फरक दिसला नाही, तर उपचार फसला असे समजून रुग्णालय बदलू नये. आजार चार आठवड्यांपर्यंत वाढू शकतो आणि नसा सावकाश सावरतात. सहा महिन्यांनी सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात. तोवर दर दोन तासांनी कूस बदलणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या सांध्यांच्या हालचाली करून घेणे, हे काम घरच्यांनी आपापसांत पाळ्या लावून आजपासूनच सुरू करावे.