काचेच्या साध्या फुलदाणीला मातीच्या भांड्यासारखा खरखरीत रंग घरी कसा द्यावा?

ॲक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा कालवून लावला, दिसायला छान झालं, पण आठवड्याभरात नख लागलं की पापुद्रे निघू लागले, असं तुम्ही लिहिलंय. सोड्याला दोष देऊ नका. काच रंग शोषत नाही आणि तिच्या गुळगुळीत अंगावर रंगाला धरायला काही नसतं. त्यामुळे रंग वाळून नुसती साल तयार होते आणि ती सोललीही जाते. तुमची खरी चूक रंग लावायच्या आधीच झाली आहे.

जुना रंग कोमट पाण्यात भिजवून पूर्ण खरवडून काढा, अर्धवट ठेवलात तर नवा रंगही त्याच जागी उचलेल. मग भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर बाहेरून बोट लावू नका. आत हात घालूनच फुलदाणी धरा. बोटांचं तेल डोळ्यांना दिसत नाही, रंगाला मात्र बरोबर कळतं. फुलदाणी चिनी मातीची असेल तर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा. काच असेल तर काळा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर) ओला करूनच घासा, कोरडी धूळ नाकात जाता कामा नये. त्यावर काच-टाइलला चालणाऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि पूर्ण एक दिवस थांबा. बहुतेक जण नेमका हाच दिवस वाचवायला जातात.

साधारण 20 सेंटीमीटर उंचीच्या फुलदाणीला 4 टेबलस्पून रंग आणि 2 टेबलस्पून सोडा पुरतो. सोडा आधी चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या पुरळासारख्या उठून दिसतात. बेकिंग पावडर चालणार नाही. तिच्यात आम्ल असतं, ओल लागली की ती फसफसते आणि रंगात बुडबुडे राहतात. मिश्रण टूथपेस्टपेक्षा जरा सैल हवं. ते ठेवल्या ठेवल्या घट्ट होत जातं, म्हणून अर्धं अर्धंच कालवा. सोडा पांढरा असल्यामुळे रंग फिका पडतो, तेव्हा मूळ रंग हवा त्यापेक्षा एक छटा गडद घ्या.

पहिला हात पातळच द्या. जाड थर वरून आधी वाळतो, आत ओला राहतो आणि नंतर आकसताना भेगा पाडतो. दीड-दोन तासांनी दुसरा, जरा जाड हात राठ केसांच्या स्वस्त ब्रशने द्या. इथे दिशा महत्त्वाची. चाकावर घडवलेल्या मडक्याच्या अंगावर बोटांच्या रेषा आडव्या, गोल फिरत गेलेल्या असतात. तुम्ही ब्रश वरून खाली ओढलात तर फुलदाणी मडक्यासारखी न दिसता रंगवलेल्या नळासारखी दिसते. म्हणून ब्रश एका जागी धरा आणि फुलदाणी फिरवा. रंग अजून ओला आहे तोवर मधूनमधून, सगळीकडे नाही, ब्रशचं टोक आपटा. तिथे छोटे उंचवटे येतात. एकसारखा खरखरीतपणा सिमेंटच्या भिंतीसारखा वाटतो.

जुनेपणा हवा असेल तर गडद तपकिरी रंग चौपट पाण्यात पातळ करून लावा आणि मिनिटभरात ओलसर फडक्याने पुसा. खाचांत तो राहतो, उंचवट्यांवरून निघतो. पण त्याआधी मॅट वार्निशचा एक हात हवाच. सोडा पाण्यात विरघळणारा आहे; उघड्या थरावर पाणी फिरवलं की पृष्ठभाग गिळगिळीत होतो आणि डाग कायमचे बसतात. शेवटी पुन्हा एक हात मॅट वार्निश. चकचकीत वार्निश लावाल तर सगळी मेहनत वाया, माती कधी चमकत नाही.

दमट जागेत ठेवायची असेल तर सोड्याऐवजी तेवढीच खडूची बारीक पूड वापरा. ती पाण्यात विरघळत नाही आणि पांढरी भुकटी बाहेर येण्याची भीती कमी. पोत थोडा मऊ येतो, पण मला तोच जास्त आवडतो.

रंग काठावरून आत दोनेक सेंटीमीटर उतरवा, म्हणजे वरून पाहताना काच दिसणार नाही. ताजी फुलं ठेवायची तर आत एक छोटा ग्लास किंवा बाटली बसवा, रंगाला पाणी लागू देऊ नका. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, नळाखाली धरू नका.