उंबरे मोज, मग रस्ता आख

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गावाकडच्या नातेवाइकांना आणि जुन्या मित्रांना भेटायच्या फेरीची तुझी यादी नीट वाचली. पुण्याहून गाडी काढायची, पाच दिवसांत चौदा घरं, मराठवाड्याचे आठही जिल्हे. गाडी हे करील. माणसं करू देणार नाहीत. आपल्याकडं कुठल्याही घरातून अर्ध्या तासात उठता येत नाही. आधी पाणी, मग चहा, मग "तवा ठेवलाच आहे, दोन भाकरी खाऊनच जा", मग शेजारच्या काकूंना हाक, मग विहिरीला पाणी किती आलंय ते दाखवणं, आणि निघताना टॉवेल-टोपी. एका घराला साडेतीन तास धर. म्हणजे दिवसाला दोनच उंबरे, एक सकाळी दहाला आणि एक दुपारी चारला. मुक्काम दुसऱ्या घरी. तिसरं घर कोंबलंस तर तिन्ही ठिकाणी तुझी नजर घड्याळाकडं जाईल, आणि म्हाताऱ्या माणसांना ते सगळ्यात आधी कळतं.

चौदा घरांना सात दिवस आणि वर एक दिवस मोकळा. एवढी रजा मिळत नसेल तर घरं कमी कर. कमी करताना प्रत्येक नावापुढं वय लिही. पंच्याहत्तरीच्या पुढची सगळी माणसं याच फेरीत घे. शाळेतल्या मित्रांपैकी जे लातुरात किंवा नांदेडात नोकरीला आहेत, त्यांना एका संध्याकाळी एकत्र भेटता येईल. पण जो मित्र गावात राहिला, शेती करतो, त्याला शहरात बोलावू नकोस. त्याच्या घरी जा.

आता वेळ. जून-जुलैत पेरणी असते आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. त्या दिवसांत तू गेलास तर घरच्या माणसाला मळणीयंत्र आणि मजूर सोडून तुझ्यासाठी घरी यावं लागेल. तो येईलही, चेहऱ्यावर काही दाखवणार नाही, पण त्याचा दिवस बुडेल. बीडकडचा तुझा जो मित्र ऊसतोडीला जातो, तो दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याकडं निघालेला असतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततो. त्याला गाठायचं तर मे महिना, नाहीतर गणपती ते दसरा. लातूर आणि धाराशिवच्या नातेवाइकांसाठी मात्र मी एकच दिवस सुचवीन, येळवस. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. त्या दिवशी गावात घरांना कुलपं असतात आणि सगळं गोत शिवारात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे, खीर. जी भावंडं एरवी एकत्र दिसणं मुश्कील, ती एका झाडाखाली सापडतात. फक्त घराचा पत्ता घेऊन जाऊ नकोस. शेत कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या मळ्याशेजारी, हे आदल्या दिवशी विचारून ठेव.

पत्त्यांचं काम निघण्याआधी महिनाभर सुरू कर, कारण तुझ्या आजोबांच्या वहीतले निम्मे पत्ते आज तसेच राहिलेले नाहीत. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादेतून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. तेव्हा वहीत "उदगीर, जि. उस्मानाबाद" दिसलं तर ते आज लातुरात शोध, आणि "कळमनुरी, जि. परभणी" हिंगोलीत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं ते तुला माहीतच आहे. जुन्या कागदांत मोमिनाबाद आलं तर ते अंबाजोगाई. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावं जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत, म्हणून गावाच्या नावाला तालुका जोडल्याशिवाय मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवू नकोस. किल्लारी-सास्तूर भागातली गावं ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसली, आणि जायकवाडी धरणाच्या नाथसागरात पाण्याखाली गेलेल्या गावांचंही तेच. तिथं नकाशा कधीकधी जुन्या जागेवर नेऊन उभा करतो. "नवं गाव की जुनं?" हे फोनवरच विचार.

आणि गावात पोचल्यावर नुसतं आडनाव सांगून भागणार नाही, अर्ध्या गावाचं आडनाव तेच असतं. पाराजवळच्या हॉटेलात चहा घे आणि आजोबांचं नाव सांग, "अमक्यांचा नातू मी". घर दाखवायला कुणीतरी स्वतः उठून चालू लागेल.

फोन तीन वेळा कर. पहिला पंधरा दिवस आधी, आणि तो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला. तू आधी भावाशी बोललास आणि आत्याला ते नंतर कळलं, तर तुझी फेरी रुसवा काढण्यात जाईल. दुसरा दोन दिवस आधी. त्यात किती माणसं, जेवायला आहात की नुसत्या चहाला, मुक्काम आहे की नाही, हे तिन्ही स्पष्ट सांग. "बघू, जमलं तर थांबू" म्हटलं की त्या घरातली बाई पुरणावरणाचा स्वयंपाक करून वाट बघत बसते. तिसरा फोन त्या दिवशी सकाळी, निघताना.

रस्ता असा आख: संभाजीनगरहून बीड सुमारे १३० किलोमीटर, पुढं मांजरसुंब्यावरून केजमार्गे अंबाजोगाई ९०, तिथून लातूर ६०. लातुरात दोन मुक्काम ठेवून औसा, किल्लारी, तुळजापूर उरक. तुझ्या मावशीकडं पाय टेकायच्या आत "देवीला जाऊन आलास का?" हा प्रश्न येणार; तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळ, गर्दीत अर्धा दिवस जातो. मग अहमदपूर-लोहामार्गे नांदेड १४०, नांदेड ते परभणी ७५, परभणी ते जालना १२०, जालन्याहून संभाजीनगर ६०. बेरीज पावणेसातशेच्या आसपास, आडवाटा आणि तुळजापूरची फेरी धरून साडेनऊशे. समृद्धी महामार्ग आपल्या भागात संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जातो. त्या रस्त्यावर तुझं एकही माणूस राहत नाही, त्यामुळं तो सोड.

गाडीत सगळ्यात आधी टायर बघ. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना तपास. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. पाच माणसं आणि सामान म्हणजे तोच घ्यायचा. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, असा सल्ला कुणीतरी देईल, ऐकू नकोस. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या मुडपण्यानं तो आतून तापतो, आणि फुटतो तो त्यामुळं. स्टेपनीतही हवा भरून घे. जॅक आणि पाना प्रत्यक्ष लावून बघ, कारण अनेक गाड्यांत पाना असतो आणि जॅकचा दांडा नसतो.

शेतात गाडी नेताना दोन गोष्टी जप. तूर आणि पऱ्हाटी काढल्यावर जमिनीत उरलेले खुंट तासल्यासारखे टोकदार असतात आणि टायरच्या बाजूत घुसतात. बाजूचं पंक्चर टिकाऊ निघत नाही, टायरच बदलावा लागतो. दुसरं, वाळल्या भुसकटावर किंवा कडब्यावर गाडी उभी करू नकोस. लांबून आलेल्या गाडीचा सायलेन्सर एवढा तापलेला असतो की खालचा पाला पेटू शकतो. आणि पाऊस पडला असेल तर गाडी डांबरीवरच सोडून चालत जा. काळी माती चाकाला थापून बसते, नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो, मग ब्रेकही लागत नाही आणि चाकही निघत नाही. ट्रॅक्टरनं ओढून काढायची वेळ आली तर सगळं गाव तुझ्यासाठी खोळंबतं.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम मोडू नकोस. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं दिवा नसताना चाललेल्या असतात, ऊस बाहेर लोंबत असतो, आणि तो तुला अगदी जवळ गेल्यावर दिसतो. रोही (नीलगाय) आणि काळवीट रात्रीही रस्ता ओलांडतात. गावाच्या तोंडावरच्या गतिरोधकावर रंग असेलच असं नाही.

तुझ्या यादीत अवघड घरं दोन आहेत. ज्या मामांच्या घरी मागच्या वर्षी माती झाली आणि तू जाऊ शकला नाहीस, तिथं हातात पेढे नेऊ नकोस, आणि त्या दिवशी दुसरं घरही ठेवू नकोस. गेल्यावर इकडचं-तिकडचं बोलत बसण्यापेक्षा शेवटचं आजारपण कसं झालं ते सरळ विचार. मामींना तेच सांगायचं असतं आणि वर्ष झाल्यावर कुणी विचारत नाही. उठताना "येतो" म्हणू नकोस, बऱ्याच घरांत ते चालत नाही. नुसते हात जोडून नीघ.

दुसरं घर चुलत्यांचं, बांधावरून बोलणं बंद असलेलं. तिथं जेवणाच्या वेळी जाऊ नकोस, म्हणजे वाढावं की नाही हा पेच त्यांच्यावर पडणार नाही. चारला जा, चहा घे, अर्ध्या तासात नीघ. पहिल्या भेटीला तेवढंच पुरतं. सोबत एखादं लेकरू असलं तर फार सोपं जातं. सातबारा, मोजणी, कोर्टाची तारीख यांतला एकही शब्द तुझ्या तोंडून निघू नये. त्यांनी काढलाच विषय तर "मी फक्त तुम्हाला बघायला आलो" म्हण, आणि पाया पड. कुणी कागद पुढं केलाच तर वाचायलाही घेऊ नकोस.

पिशवीत प्रत्येक घरासाठी अर्धा किलो पेढे किंवा फळं आणि घरच्या बाईसाठी खण ठेव. यापेक्षा मोलाची भेट म्हणजे जुन्या फोटोंच्या कागदी प्रती. मोबाइलवरचा फोटो म्हाताऱ्यांना पुसट दिसतो आणि हातात राहत नाही. पोस्टकार्डाच्या आकाराच्या प्रती काढ, प्रत्येकीच्या दोन. एक त्यांना दे. दुसरीवरच्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडं विचारत जा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिही. बॉलपेन दाबलं की पुढच्या चेहऱ्यावर वळ उमटतो. बहात्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं तुझ्या यादीत चार आहेत. त्यांना विचार, दुष्काळी कामावर कुठल्या तलावाची माती टाकली, घरात काय शिजायचं. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो ओट्यावर त्यांच्याजवळ ठेव, पंखा आणि टीव्ही बंद कर, आणि मध्ये बोलू नकोस.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत या फेरीतले फोटो टपालानं पाठव. पाकिटावर पिनकोड आठवणीनं घाल, आणि पत्ता त्यांच्या नावानं लिही, मुलाच्या नावानं नको.